यंत्र सुरू करण्याचा अधिकार कोणाचा?

साखर कारखान्याचा गळीत हंगाम कसा सुरू होतो, हे कोपरगाव तालुक्यातील शेतकऱ्याला अथवा कामगाराला कोणी शिकवावे लागत नाही. कोळपेवाडीचा कारखाना असो वा सहजानंदनगरचा, हंगाम संपला की यंत्रे खोलली जातात. पावसाळ्यात मिल रोलरचे पूजन होते, दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, आणि चाचणी समाधानकारक झाल्याखेरीज उसाची पहिली मोळी गव्हाणीत पडत नाही. ऐन हंगामात, शेकडो बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे असताना, टर्बाइन बदलून पाहण्याची कल्पना एखाद्या संचालकाने मांडली तर त्याला वेड्यात काढले जाईल. दुरुस्तीचा काळ वेगळा, गाळपाचा काळ वेगळा आणि चाचणीचा काळ वेगळा, ही शिस्त दशकानुदशकांच्या अनुभवातून येथे रुजली आहे.

परंतु याच तालुक्यातील शेतकऱ्याचे पीककर्ज, त्याच्या घरचे रेशन, त्याच्या जमिनीचा सातबारा आणि त्याला मिळणारे अनुदान आता ज्या संगणक प्रणालींवर अवलंबून आहे, त्या मात्र या शिस्तीविना सुरू केल्या जातात, विनासूचना बदलल्या जातात आणि कोणाच्याही संमतीवाचून बंद केल्या जातात. कारखाना बंद पडला तर भोंगा वाजत नाही म्हणून गावाला कळते. प्रणाली चुकली तर ज्याचे नाव यादीतून गळले, केवळ त्यालाच कळते; आणि बहुधा चूक त्याचीच आहे असे त्याला सांगण्यात येते.

हा प्रश्न तंत्रज्ञांचा आहे, राजकीय कार्यकर्त्यांचा नव्हे, असा एक समज आहे. तो किती चुकीचा आहे हे पाहण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. राहाता तालुका वेगळा होण्यापूर्वी कोपरगाव तालुक्यातच असलेल्या पुणतांबे गावाने २०१७ च्या एप्रिलमध्ये ग्रामसभेत शेतकरी संपाचा निर्धार केला. १ जून २०१७ पासून राज्यभर दूध व भाजीपाला रोखला गेला आणि ११ जूनला शासनाला कर्जमाफी तत्त्वतः मान्य करावी लागली. २४ जून रोजी छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली: दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत कर्ज माफ, सुमारे ३४ हजार कोटींचा भार आणि ८९ लाख शेतकऱ्यांना लाभ, असा शासनाचा दावा होता. स्वतंत्र महाराष्ट्राच्या इतिहासात शेतकऱ्यांच्या संघटित दबावाला मिळालेल्या मोठ्या विजयांपैकी हा एक होय.

हा विजय पुढे कोठे अडकला? मंत्रालयाच्या दारात नव्हे, बँकेच्या दारातही नव्हे. तो संगणकाच्या पडद्यावर अडकला. अपात्र व्यक्तींना लाभ मिळू नये म्हणून प्रत्येक शेतकरी कुटुंबाने ऑनलाइन अर्ज करावा असे ठरले. पती व पत्नी दोघांनी केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, आधार क्रमांक नोंदवायचा, बँकेचा तपशील भरायचा. केंद्रांवर रांगा लागल्या, सर्व्हर मंदावले, लोक रात्री-रात्री ताटकळले, मुदत वाढवावी लागली. २२ सप्टेंबर २०१७ रोजी मुदत संपली तेव्हा पन्नास लाखांहून अधिक अर्ज आले होते. आणि १८ ऑक्टोबर रोजी, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, समारंभपूर्वक प्रमाणपत्रांचे वाटप झाले.

या दोन तारखांमध्ये अंतर केवळ २६ दिवसांचे आहे. तेवढ्या अवधीत लाखो अर्जांची राष्ट्रीयीकृत व सहकारी बँकांच्या खात्यांशी ताळजुळणी व्हायची होती. एका बँकेत खातेदाराचे नाव आधी, तर दुसरीत आडनाव आधी. एका नोंदीत वडिलांचे कर्ज, दुसरीत मुलाचे. सोसायटीच्या खतावणीत एक आकडा आणि जिल्हा बँकेच्या पुस्तकात दुसरा. ही ताळजुळणी पूर्ण झाली की नाही हे पाहून तारीख ठरली नाही. दिवाळी पाहून तारीख ठरली. परिणाम व्हायचा तोच झाला. प्रसिद्ध झालेल्या यादीत अनेक लाभार्थ्यांपुढे एकच आधार क्रमांक आढळला, बँकांनी तक्रारी केल्या, यादी संकेतस्थळावरून काढून घ्यावी लागली आणि माहिती तंत्रज्ञान खात्याच्या सचिवपदी बदल झाला. नंतर तालुका पातळीवर समित्या नेमून पडताळणीचे काम पुन्हा हाती घ्यावे लागले. या योजनेतील सुमारे साडेसहा लाख पात्र खाती लाभाविना राहिली, हे पुढे काही वर्षांनी शासनानेच विधिमंडळात मान्य केले. संपात जे मिळवले, ते प्रणालीत हरवले.

या अपयशाचे खापर एखाद्या अधिकाऱ्यावर अथवा संगणकावर फोडणे सोपे आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे खर्चाचे स्थलांतर झाले, असे म्हणावे लागेल. चाचणीला लागणारा वेळ व पैसा शासनाने वाचवला. तो वाचलेला खर्च नाहीसा झाला नाही, तो शेतकऱ्याच्या अंगावर पडला. केंद्रावरच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी, थकबाकीदार राहिल्यामुळे नाकारले गेलेले नवे पीककर्ज आणि त्यापायी सावकाराकडे जाण्याची पाळी, हा त्या न केलेल्या चाचणीचा हिशेब आहे. तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. न तपासलेली प्रणाली लोकांवर सोडणे म्हणजे दुबळ्यांवर बसवलेला एक अदृश्य कर आहे.

आता याच राज्यातील दुसरे उदाहरण पाहावे. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. दोन लाखांपर्यंतच्या थकीत पीककर्जाची ही योजना होती. या वेळी शेतकऱ्याला अर्ज करण्यास सांगण्यात आले नाही. माहिती बँकांकडून आधी गोळा करण्यात आली. त्यानंतर २४ फेब्रुवारी २०२० रोजी जी पहिली यादी लागली, ती साऱ्या राज्याची नव्हती. प्रत्येक जिल्ह्यातून दोन, याप्रमाणे ६८ गावांतील १५,३५८ खात्यांची ती होती. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यातील ब्राह्मणी आणि नगर तालुक्यातील जखणगाव ही दोन गावे निवडण्यात आली होती. यादी गावात लागली, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक मिळाला, शेतकऱ्याने आपली ओळख आणि कर्जाची रक्कम पाहून ती मान्य करायची. मान्य नसल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद मागायची. त्यानंतर काही दिवसांनी एकवीस लाखांहून अधिक खात्यांची दुसरी यादी आली.

ही योजना निर्दोष होती असे नाही. दोन लाखांवरचे कर्जदार आणि नियमित परतफेड करणारे शेतकरी प्रारंभी बाहेर राहिले, आणि करोनाच्या टाळेबंदीने उर्वरित काम रखडले. शिवाय ६८ गावांच्या अनुभवातून शिकून प्रणाली दुरुस्त करण्यासाठी जेमतेम आठवड्याचाही अवधी ठेवला गेला नाही, ही त्रुटी उघड आहे. तरीही पद्धतीतील फरक मूलभूत होता. आधी माहितीची जुळणी, मग लहान क्षेत्रात प्रयोग, मग लाभार्थ्याची संमती, तक्रारीला निश्चित जागा आणि त्यानंतरच विस्तार, हा क्रम पाळला गेला. दोन्ही वेळी नोकरशाही तीच, बँका त्याच, शेतकरीही तेच. निराळी होती ती बदल अमलात आणण्याची रीत.

या रीतीला संगणकशास्त्रात बदलाचे व आवृत्ती-प्रसाराचे व्यवस्थापन म्हणतात. नाव बोजड असले तरी आशय साधा आहे. चालू सेवेत कोणताही बदल करायचा तर तो कोणी सुचवला, कशासाठी, त्याचा परिणाम कोणावर होणार, तो कोठे तपासला, कोणत्या दिवशी लागू होणार आणि फसला तर पूर्वस्थितीवर कसे यायचे, याची लेखी नोंद हवी. आणि त्या सेवेशी संबंधित सर्वांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून त्याला अनुमती द्यायला हवी. ही शिस्त खासगी भांडवलाची देणगी आहे असा समज असल्यास तो दूर करावा. तिची सर्वांत प्रसिद्ध संहिता १९८० च्या दशकात ब्रिटिश शासनाच्या मध्यवर्ती संगणक व दूरसंचार संस्थेने, सरकारी कार्यालयांसाठी, सार्वजनिक पैशातून तयार केली. पुढे २०१३ मध्ये तिची मालकी शासन व एका खासगी कंपनीच्या संयुक्त संस्थेकडे गेली आणि २०२१ मध्ये ती संपूर्णपणे खासगी हाती विकली गेली. लोकांच्या पैशातून निर्माण झालेले ज्ञान परीक्षाशुल्क भरून विकत घेण्याची वस्तू कशी होते, याचा हा छोटासा धडाच होय.

ही शिस्त मोडल्यास काय होते, याची साक्ष ब्रिटननेच दिली आहे. एप्रिल २०१८ मध्ये टीएसबी या बँकेने सुमारे पन्नास लाख ग्राहकांची खाती जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत एकाच शनिवार-रविवारी हलवली. सोमवार उजाडला तेव्हा लाखो लोकांना स्वतःच्या पैशापर्यंत पोहोचता येईना. नियामकांनी २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. परंतु त्याहून भयंकर उदाहरण तेथील टपाल खात्याचे आहे. १९९९ पासून 'होरायझन' नावाची हिशेब-प्रणाली देशभरच्या टपाल कार्यालयांत बसवण्यात आली. तिच्या दोषांमुळे हिशेबात तूट दिसू लागली. पण दोष प्रणालीचा असू शकतो हे मान्य करण्याऐवजी व्यवस्थापनाने गावोगावच्या उपडाकपालांना चोर ठरवले. नऊशेहून अधिक माणसांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले, कित्येकांचे संसार उद्ध्वस्त झाले. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केला आणि २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

हे उदाहरण परदेशातील म्हणून बाजूला सारता येणार नाही. उपडाकपालाच्या जागी गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या सचिवाला ठेवून पाहावे. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. मंजुरीच्या वेळी २,५१६ कोटी रुपयांची ठरलेली ही योजना असून नाबार्डच्या देखरेखीखाली सर्व संस्था एका समान प्रणालीवर आणण्याचा तिचा हेतू आहे. हेतूविषयी वाद असण्याचे कारण नाही. खतावणीतील खाडाखोड, मृत सभासदांच्या नावावरील कर्जे, सोसायटी व जिल्हा बँक यांच्या आकड्यांतील तफावत, हे रोग जुने आहेत आणि पारदर्शक हिशेब ही समाजवादी चळवळीची मागणीच आहे. प्रश्न हा आहे की हाताने लिहिलेली खतावणी यंत्रात चढवताना फरक निघाला तर चोर कोणाला ठरवायचे? ३१ मार्चच्या तोंडावर प्रणाली बंद पडली, भरणा दुसऱ्या दिवशी नोंदला गेला आणि शेतकऱ्याची व्याजसवलत बुडाली, तर ती भरपाई कोण देणार? कंत्राटदार, नाबार्ड, जिल्हा बँक, की नेहमीप्रमाणे सभासद?

या ठिकाणी चळवळीने आपल्याच इतिहासाकडे वळून पाहणे उपयुक्त ठरेल. १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला. बँक कर्मचारी संघटनांनीही दीर्घकाळ लढा दिला आणि १९८३ मध्ये व्यवस्थापनाशी संगणकीकरणाचा करार केला. त्या लढ्यांची पुढे थट्टा झाली. प्रगतीचे शत्रू म्हणून संघटनांना हिणवण्यात आले. नोकऱ्यांविषयीची त्यांची सर्व भाकिते खरी ठरली नाहीत, हेही मान्य करावे. परंतु त्या कराराने एक तत्त्व प्रस्थापित केले होते: यंत्र किती यावे, कोठे यावे आणि कोणत्या गतीने यावे, हे वाटाघाटीच्या मेजावर ठरेल आणि त्या मेजाशी काम करणाऱ्याची खुर्ची असेल. आज संगणक सर्वत्र आला, पण ती खुर्ची मात्र रिकामी आहे. बदलास अनुमती देणारी समिती असलीच तर तिच्यात खात्याचे अधिकारी असतात, कंपनीचे अभियंते असतात. रेशन दुकानदार, तलाठी, सोसायटीचा सचिव अथवा शेतकरी तिच्यात नसतो. ज्याला बदलाचा फटका बसणार, त्यालाच बदलाची वार्ता सर्वांत शेवटी मिळते.

यावर एक आक्षेप गंभीरपणे विचारात घ्यावा लागेल. अशा समित्या आणि चाचण्या म्हणजे नवी लालफीत नव्हे काय? खरीप थांबत नाही, भूक थांबत नाही. मग मदतही का थांबावी? आक्षेपात तथ्य आहे. अनुमतीचे नाटक करून वर्षानुवर्षे काम अडवणारी नोकरशाही या देशाला परिचित आहे. परंतु २०१७ च्या घाईने मदत लवकर पोहोचली काय? दिवाळीला मिळालेल्या प्रमाणपत्राने कित्येकांचे खाते पुढची दिवाळी उलटली तरी कोरे झाले नाही. वेग आणि सावधपणा यांत वैर नाही, हे कोपरगावच्या शेतकऱ्याला गोदावरीच्या कालव्यांनी शिकवले आहे. नांदूर मधमेश्वरहून आवर्तन सुटण्यापूर्वी चाऱ्या साफ असाव्या लागतात, पाणी टप्प्याटप्प्याने वाढवले जाते, गेट वेळेवर खाली घेता यावे लागते, आणि न्याय्य वाटप करायचे तर शेवटच्या शेतापासून भिजवत यावे लागते. सारे गेट एकदम उघडणाऱ्याला कोणी कर्तबगार म्हणत नाही. कालवा फुटला की त्याला जाब द्यावा लागतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. लोकांच्या उपजीविकेशी निगडित प्रणालीत बदल करण्यापूर्वी तो मराठीत, साध्या भाषेत जाहीर व्हावा. खरीप कर्जवाटपाचा काळ आणि मार्चअखेर या दिवसांत निकडीच्या दुरुस्तीवाचून कोणताही बदल होऊ नये. कारखान्याला जसा हंगाम असतो तसा शेतकऱ्याच्या खात्यालाही असतो. प्रयोगासाठी केवळ रस्त्यालगतची, सुस्थितीतील गावे निवडू नयेत. जेथे मोबाइलचा संपर्क तुटतो, जेथे सातबारावर सामाईक नावे आहेत, जेथे विधवेच्या नावाची नोंद वर्षानुवर्षे रखडली आहे, ती गावे आधी घ्यावीत, कारण प्रणालीची खरी परीक्षा शेपटाकडच्या माणसावर होते. जुनी खतावणी आणि नवी प्रणाली यांचे तेरीज जुळेपर्यंत दोन्ही समांतर चालाव्यात, आणि त्या दुहेरी श्रमाचा मोबदला सचिवाला मिळावा. जुनी प्रणाली बंद करताना तिच्यातील माहिती शासनाच्या ताब्यात सुरक्षित राहावी; कंत्राट संपले म्हणून लोकांचे हक्क संपता कामा नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, माणसाचा कागद व यंत्राचा आकडा यांत विसंगती आढळल्यास, चौकशी पूर्ण होईपर्यंत माणसाचा कागद खरा मानावा. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी यंत्र बसवणाऱ्यावर असावी.

यांपैकी एकाही मागणीला क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. सहकार कायद्यानुसार प्रत्येक सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. बहुतेक ठिकाणी ती चहापानात आणि हात वर करण्यात संपते. कार्यकर्त्यांनी या सभांना जावे आणि काही साधे प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत: नवी प्रणाली सुरू करण्याचा निर्णय कोणी घेतला? माझे खाते तिच्यात चढवले, ते मला दाखवून, माझी सही घेऊन चढवले काय? फरक निघाल्यास तक्रार कोणाकडे, आणि किती दिवसांत उत्तर? प्रणाली बंद पडल्यास त्या दिवशी व्यवहार कसा होणार? चुकीची भरपाई कोण देणार? ज्या गावात हे पाच प्रश्न इतिवृत्तात लिहिले जातील, तेथे सचिवही एकटा पडणार नाही आणि सभासदही नाही.

पुणतांब्याच्या ग्रामसभेने २०१७ मध्ये शासनाला कर्जमाफी देण्यास भाग पाडले. पण ती कशी दिली जाईल, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या तपासणीनंतर, हे ठरवण्याचा अधिकार तिने मागितला नव्हता. तो मागण्याचे कोणाला सुचलेही नव्हते, कारण अंमलबजावणी हा तपशिलाचा भाग आहे अशी समजूत होती. साडेसहा लाख खात्यांनी त्या समजुतीची किंमत मोजली आहे. पुढच्या मागणीपत्रात हा तपशील पहिल्या कलमात असला पाहिजे.